अण्णांच्या अंगाची वाटणी

कर्नाटकाच्या हद्दीतल्या आमच्या मेहकरात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक अण्णा आहेत. त्यांचं दवाखान्याचं सरकारी कार्ड कर्नाटकाचं. हद्दीपलीकडं उदगीरला त्याला कुणी विचारत नाही. म्हणून अण्णांनी आपलं अंग दोन राज्यांत वाटून टाकलंय. हाडं, काळीज, किडन्या कर्नाटकाला. दात तेवढे उदगीरला, कारण तिथं मेहुण्याचं घर आहे आणि जेवण चांगलं मिळतं.

चहाला बसलं की शाळेतले गुरुजी म्हणतात, सगळ्यांना फुकट औषधपाणी दिलं तर सरकारचं दिवाळं निघेल. अण्णा हातातला पाना नाचवत भांडतात, "मग देव कामून सगळ्यास्नी रोग देयलाय?"

परवा दात दाखवून उदगीरहून माझ्या मोटारसायकलवर मागं बसून येत होते. हद्दीची पाटी समोर दिसत असतानाच चाक घसरलं. मला खरचटलं, अण्णांचा पाय मोडला. मी रिक्षा बघायला निघालो, तर म्हणाले, "आधी मला पाटीच्या पल्याड ने. हितं मोडला म्हटल्यावर कार्ड चालायचं न्हाई."

"अण्णा, दवाखाना कुठला ते बघतेत, पडल्याली जागा कोन बघतंय?" मला हसू आवरेना.

"उचलायलास का सरपटत जाऊ?"

शेवटी पाठकुळी घेतलं. एवढ्या वाटेत हूं नाही की चूं नाही. पाटी ओलांडून खाली टेकवलं, अण्णांनी मागं वळून पाटी नीट पाहिली, आणि मग सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा गळा काढला, "अय्यय्यो! मेलो की रे!"