आण्णा असताना उतरवलेली मिशी

तासगावच्या स्टँडवर मला सोडायला माझे वडील, आण्णा, आले होते. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस, निरोपाचं दोनच वाक्यांत आटोपलं. "सोंगं घे किती बी. पण मी जित्ता हाय तवर मिशीला वस्तरा लावू नगंस." आमच्याकडे बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो. मी हो म्हटलं आणि बर्लिन गाठलं.

त्याच मिशीनं मला वीस वर्षं पोसलं. युरोपच्या सिनेमात मी तुर्की टॅक्सीवाला झालो, ग्रीक भटारी झालो, इराणी डॉक्टर झालो. सगळी चार-चार मिनिटांची कामं. चेहरा लोकांना आठवायचा, नाव नाही. यंदा मात्र कैद्याची भूमिका मिळाली, पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत. अट एकच: डोकं आणि मिशी साफ. मेकअपवालीनं मशीन हातात घेतलं तेव्हा मला आण्णा आठवले, आणि तरीही मी मान हलवली.

पुढे महिनाभर मी घरचा व्हिडिओ कॉल घेतला नाही. मग बहिणीचा निरोप आला, आण्णांना दम लागतोय, निघून ये. शूटिंगला सुट्टी होतीच. निघालो.

फाट्यावर एसटीतून उतरलो तर शेजारची शांताकाकी बेदाण्याच्या शेडकडे निघालेली. मला बघून थबकली, पदर तोंडाला लावला. "लय वाईट झालं रं बाबा. काल सांजच्याला तर बरं हुतं." तिनं माझ्या भादरलेल्या डोक्यावरून अंदाज बांधलाय, हे मला सुचलंच नाही. मी विमानात असताना ते गेले, एवढंच कळलं. बॅग रस्त्यातच टाकून पळालो.

आण्णा ओट्यावर खाटेवर बसून चहा पीत होते. बशी हातातच राहिली. "कोण गेलं रं?"

"कामासाठी काढली," मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी जवळ बोलावलं, माझ्या ओठावरून अंगठा फिरवला. "मी असतानाच उरकलंस व्हय." रागावले असते तर बरं झालं असतं.

बाहेर गेलेल्यांनो, आपण तिकडे कोणताही चेहरा लावू शकतो, कुणाच्या काळजाला धक्का लागत नाही. घर म्हणजे जिथे आपला चेहरा आपल्या एकट्याचा नसतो.

आज दहावा दिवस. आण्णा रोज सकाळी माझी हनुवटी धरून मिशी किती आली ते बघतात. आता त्यांना दम कमी लागतो. पुढच्या आठवड्यात उरलेलं शूटिंग आहे, ओठ पुन्हा साफ लागणार. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.