फळी पुढं गेली

आमच्या घरी पाहुणे आले की चहाच्या आधी मला बाहेर बोलावलं जायचं. ओसरीच्या कोपऱ्यात खताची रिकामी पोती घडी घालून ठेवलेली असायची. वडील, म्हणजे आमचे अण्णा, त्यातलं एक उलगडून पाहुण्यांपुढं पसरायचे आणि म्हणायचे, “दाखव जरा.” मग मी पोत्यावरचं इंग्रजी मोठ्यानं वाचायचो. पाहुण्यांना कळायचं नाही, अण्णांना कळायचं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही कळायचं नाही. पण मी अडखळायचो नाही. अण्णा पोत्याकडं नाही, पाहुण्यांच्या तोंडाकडं बघायचे.

कुरुंद्याकडच्या आमच्या भावकीत कॉलेज पुरं केलेला मी पहिला. मला त्याचा गर्व आहे, लपवत नाही. ‘दाखव जरा’ म्हटल्यावर मी कधी मान खाली घातली नव्हती. ती वेळ एका फळीनं आणली.

पुण्यात नोकरीला लागल्यावर ऑफिसच्या लोकांबरोबर कोकणात गेलो होतो. तिथं समुद्राच्या काठावर पोरं स्किमबोर्ड खेळत होती. गुळगुळीत, पातळ लाकडी फळी. तिला लाट लागत नाही, खोल पाणी लागत नाही. ओल्या वाळूवर बोटभर पाणी असलं की बास. फळी त्या पाण्यावर सपाट सोडायची, मागून पळायचं आणि चालत्या बैलगाडीत मागून चढतो तसा तिच्यावर पाय टाकायचा. सर्र आवाज करत ती घसरत जाते. एवढं मला जमलं. पुढची करामत म्हणजे घसरता घसरता हलकंसं उडायचं, पायाखालची फळी अर्धी फिरवायची आणि परत तिच्यावरच उतरायचं. ते काही जमलं नाही. दर वेळी फळी एकीकडं, मी एकीकडं.

मित्रानं व्हिडिओ काढला होता. मी हवेत आहे, खाली फळी फिरतेय, आणि मी आपटायच्या आत व्हिडिओ संपतो. शेवट मीच कापला होता. तो मी घरी पाठवला. संध्याकाळी अण्णांचा फोन आला, “लेका, गावभर दाखवला.” कापलेल्या शेवटाचं मी सांगितलं नाही. बरं वाटलं होतं.

मग मी तसलीच एक फळी विकत घेतली आणि सुट्टीत चादरीत गुंडाळून गावाकडं घेऊन आलो. त्याच आठवड्यात बहिणीच्या सासरची माणसं तिला घेऊन डोंगरकड्याहून आली. त्यांना औंढ्याला दर्शन करायचं होतं, तिथून सिद्धेश्वरचं धरण बघून परत. सकाळी बघतो तर अण्णांनी जीपच्या टपावर माझी फळी दोरीनं बांधलेली.

“अण्णा, तिथं जमायचं न्हाई.”

“काहून? पानीच हाय की तिथं बी.”

तेवढ्यात बहिणीचे सासरे, आमचे व्याही, चपला घालत बाहेर आले. “पोरगं पान्यावर चालतं म्हणं तुमचं. आमाला औंढ्याला कशाला नेऊन राहिले मंग? हितंच पाया पडतो की.” सगळे हसले. अण्णा सगळ्यांत जास्त हसले. खरं सांगायची ती वेळ होती. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

धरणाचं पाणी मागं सरलेलं होतं. काठावर लांबपर्यंत गुळगुळीत गाळ आणि त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा. दिसायला अगदी कोकणच. भाकरी खाऊन झाल्यावर माय डबे आवरत होती. अण्णा उठले, फळी काखेत धरून माझ्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, “दाखव जरा.”

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. काळ्या मातीत वाढलेल्या माणसानं काळ्या मातीचा गाळ ओळखू नये? पण डोक्यात कोकणची वाळू बसली होती. फळी सोडली, जोरात पळालो, आणि तिसऱ्याच ढांगेला पाय नडगीपर्यंत आत गेला. फळी पुढं गेली. मी तोंडावर पडलो.

“पहिल्यांदा होतं असं,” अण्णा काठावरून ओरडले. “परत कर.”

परत केलं. या वेळी पाय फळीवर पडला, पण फळीचं टोक गाळात रुतलं आणि मी तिच्यावरून पलीकडं आडवा झालो. नाकातोंडात चिखल गेला. डोळे पुसले तेव्हा व्याह्यांचा आवाज आला, “बेणं लावलं का व्याही? पानी देऊन ठेवा, पोळ्यापर्यंत उगवंल.”

हळदीचे कंद बेणं म्हणून मातीत पुरणाऱ्या माणसांत यापेक्षा चांगला विनोद होणार नाही. विहीणबाई पदर तोंडाला लावून हलत होत्या. जीपचा ड्रायव्हरही हसला. बहीण मात्र धरणाच्या भिंतीकडं बघत होती. हे तिला सासरी किती दिवस ऐकावं लागणार होतं, ते तिला कळलं होतं.

धक्क्यानं सुटलेली फळी लांब पाण्यात तरंगत होती. मला गाळातून पाय उपसता येईना. तेव्हा अण्णा आत उतरले. दर्शनासाठी घातलेलं पांढरं धोतर, तसंच. फळी ओढत आणली, मला हात दिला आणि व्याह्यांकडं वळून म्हणाले, “तिकडं वाळू असती. हितं गाळ हाय. पोराची चूक न्हाई ती.”

पडलो त्याची लाज वाटलीच. पण त्या वाक्यानं मी पार मेलो. अण्णांना माझी वकिली कधी करावी लागली नव्हती.

पाहुणे गेले. दोन दिवसांनी शेजारचे काका ओसरीत येऊन बसले आणि म्हणाले, “तो पान्यावरचा व्हिडिओ लावा की, आमच्या जावयाला पाहायचाय.”

“ब्याटरी उतरली मोबाईलची,” अण्णा म्हणाले आणि हळदीच्या भावाचं बोलणं काढलं.

मोबाईल मीच सकाळी चार्जिंगवरून काढून त्यांच्या खिशात दिला होता. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर पाहुणा बसलाय आणि अण्णांनी मला हाक मारली नाही, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच झालं.

धरणाच्या काठाला ट्रॅक्टर धुवायची एक जागा आहे. चाकं जाऊन जाऊन तिथला मुरूम दगडासारखा घट्ट झालाय आणि वर बोटभर पाणी पसरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर फळी आडवी बांधून तिथं गेलो. पाय रुतत नव्हता. फळी घसरत होती. फिरवायला गेलो की पडत होतो. मुरमानं कोपरं सोलली. मासे धरणाऱ्या एका माणसानं थोडा वेळ बघितलं आणि जाळं उचलून पुढं गेला. त्याचीही लाज वाटली.

घरी आलो. अण्णा गोठ्यापुढं बसले होते.

“अण्णा, सकाळी चला माझ्यासंगं. दाखवतो.”

“ऱ्हाऊ दे. न्हाई दाखवलं तरी चालतंय.”

“तो व्हिडिओ कापलेला हाय. त्याच्या म्होरं मी पडलोय. फळी फिरवायचं मला कधीच जमलं न्हाई.”

अण्णांनी माझ्या कोपराकडं बघितलं. “मंग धाडला कशाला?”

“तुमी लोकांना दाखवाल म्हणून.”

अण्णा उठून बैलांना पेंढी टाकायला गेले.

सकाळी मात्र मोटारसायकलवर माझ्या मागं येऊन बसले. फळी त्यांनीच मांडीवर आडवी धरली. ट्रॅक्टरच्या जागेवर पोचलो तर त्यांनी एक दगड बघितला, टॉवेलनं झटकला आणि पाण्याकडं पाठ करून बसले.

“तिकडं तोंड काहून करून राहिले अण्णा?”

“मी बघत न्हाई. तू पड निवांत.”

मी पडलो. परत पडलो. दर वेळी आधी सर्र आवाज व्हायचा आणि मग धप्प. अण्णा रस्त्याकडं तोंड करून बसलेले, मान हलत नव्हती. मग एकदा फिरवायच्या नादाला न लागता नुसताच पाय टाकला आणि गुडघे वाकवून उभा राहिलो. फळी गेली ती पार मुरूम संपेपर्यंत गेली. मी तिच्यावर होतो.

“ह्या बारीला लय वेळ वाजली,” अण्णा पाठमोरेच म्हणाले. “फिरली का?”

हो म्हणता आलं असतं. बघायला तिथं कुणी नव्हतं.

“न्हाई.”

“बरं,” ते म्हणाले आणि तोंड तिकडंच ठेवलं.

मी फळी उचलून परत पहिल्या जागेवर आलो.