पुष्पाबाईचा तीस किलोचा रोज

दोंडाईच्यात लाल मिरचीचे देठ आपल्याइतक्या झपाट्यानं कुणी खुडत नाही, असं पुष्पाबाईचं म्हणणं. म्हणून सोमवारी नगरपालिकेचा ज्ञानेश्वर गरिबांच्या यादीचा कागद घेऊन दारात आला आणि "रोजची कमाई किती, अक्का?" म्हणाला, तेव्हा तिनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "तीस किलो खुडस मी! आठ रुप्या किलो. कर हिशोब."

त्यानं केला. दोनशे चाळीस गुणिले तीस, गुणिले बारा. आकडा एवढा फुगला की गरिबांच्या यादीतून पुष्पाबाईचं नाव जाणार, नावामागं पिवळं कार्ड आणि कार्डावरचं धान्य. नवरा रुपचंद दम्यानं खाटेला लागलेला. घरात खुडणारे हात दोनच.

मंगळवारी ज्ञानेश्वर मिरची वाळवायच्या पथारीवर इतर बायकांचे कागद भरत होता. तिनं त्याला तिथंच गाठलं.

"भाऊ, पंधरा लिख. मी बढाई मारी."

"या सगळ्या तर तुमचे तीसच सांगतात, अक्का. असं करू, संध्याकाळी काट्यावर भरेल तेवढं लिहितो."

पुष्पाबाई हळू खुडायला बसली. जमेना. चारदा पाणी प्यायली, तीनदा डोक्याचं फडकं सोडून बांधलं. ढुंगण टेकलं की बोटं धावायचीच. त्यात शेजारी कोकिळा. दोघींची अकरा वर्षांची चढाओढ.

"काय व, आज हातले मेंदी लायेल शे का?" कोकिळा हसली.

झालं. पुढचा तासभर पुष्पाबाईला कसलंच भान नव्हतं. भानावर आली तेव्हा ढीग गुडघ्याला लागलेला. घाबरून तिनं अर्धा ढीग कोकिळेकडे लोटला. कोकिळेनं तो दोन्ही हातांनी माघारी ढकलला.

"तुना ढीग तुनाकडे ठेव! मना नाव बी यादीमा शे!"

काट्यावर एकतीस भरले. बायकांनी टाळ्या पिटल्या. पुष्पाबाईला त्यांच्या अंगावर घमेलं फेकावंसं वाटलं. ज्ञानेश्वरनं पेन उघडलं तसा तिनं त्याचा कागद हातानं दाबून धरला.

"एकतीसच लिख. पन होळीनंतर आठे पथारीवर ये. तवय कोन बसस, काय खुडस, ते बी लिख."

"म्हणजे?"

"होळीले मिरची सरी जास, भाऊ. काम बंद."

"मग बाकीचे महिने?"

"भेटनी ते शेतमा निंदणी. नही ते सारा दिन घरमा. तू इचारंच कोठे?"

ज्ञानेश्वरनं कागद उलटून पाहिला. महिन्यांचा रकाना कुठंच नव्हता. बारा त्यानं स्वतःच्या मनानं धरले होते. तो आकडा त्यानं खोडला, आणि समासात चार लिहू की पाच, म्हणून पेन तसंच धरून उभा राहिला.

मागून कोकिळा घुसली. "भाऊ, मना कागदवरना बी बारा खोड."

पुष्पाबाईनं तिला कोपरानं मागं सारलं. "सरक व! मना पुरा व्हऊ दे पहिले."