घाई आपली, घसा दुसऱ्याचा

"घाई आपली, घसा दुसऱ्याचा," असं म्हणत आमचे डॉक्टर दुर्बिणीची नळी पाण्याच्या टबात बुडवायचे आणि बुडबुडा येतो का ते वाकून बघत राहायचे. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, हा माणूस सायकलचं पंक्चर काढतोय. रत्नागिरीतले पेशंटही तेच म्हणायचे.

घशातून पोटात घालायची ही नळी. एकाची तपासणी झाली की तिच्यात हवा भरून ती पाण्यात धरायची. बुडबुडा आला तर कुठेतरी भोक आहे. मग ती कितीही धुवा, आधीच्याचे जंतू आत दडून राहतात आणि पुढच्याच्या पोटात जातात. खरं तर हे काम माझं, मी तिथली नर्स. पण डॉक्टरांना स्वतः बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. नळीचं वेटोळं जरा घट्ट झालं की म्हणायचे, "सुंभ आहे का तो?"

एकदा माझ्या आईचाच नंबर होता. हेदवीहून पहाटे निघून, फेरीबोटीने खाडी ओलांडून ती उपाशीपोटी आली होती. कितीतरी दिवस तिला जेवण जात नव्हतं आणि माझ्या मनात नको नको ते येत होतं. तिच्या आधीचा पेशंट झाला, नळी पाण्यात गेली आणि एकच बारीक बुडबुडा वर आला. मी म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय?

"तिच्या पोटात आधीच काहीतरी आहे. त्यात आपली भर नको," ते म्हणाले. नळी दुरुस्तीला मुंबईला गेली.

आईने दवाखाना डोक्यावर घेतला. "उपाशी ठेवलंन मला, नि आता बुडबुडे बघत बसलाय." डॉक्टरांनी गुपचूप आपल्या डब्यातली घावनं तिच्यापुढे ठेवली. तिने अर्धं कसंबसं खाल्लं आणि बायकोला पीठ पातळ कालवायला सांगा, असा निरोप दिला. पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. साधा अल्सर निघाला, गोळ्यांनी बरा झाला. त्या घावनांना मात्र आई अजून नावं ठेवते.

गेल्या वर्षी डॉक्टरच पेशंट होऊन आले. अन्न उतरत नव्हतं, फार वाळले होते. तपासणारे डॉक्टर आता नवे. आधीच्या पेशंटनंतर मी नळी पाण्यात धरली, तर हे बाकावरून उठून टबाशी येऊन उभे. बाहेर गर्दी होती, नवे डॉक्टर सारखे डोकावत होते. मी नळी हलवली नाही. एकही बुडबुडा आला नाही.

"घाई आपली," मी म्हटलं.

"घसा आता माझा," ते म्हणाले आणि हसले.

रिपोर्ट वाईट आला. शिमग्याआधीच ते गेले. मला त्यांची फार आठवण येते. नळी पाण्यात घातली की ते उभे राहायचे तेवढी जागा सोडून मी उभी राहते.