पाण्याच्या पाइपातली वायर

माझे वडील पाणीखात्यात फिटर होते, अगदी हाडाचे. एकतीस वर्षं त्यांनी रस्त्याखालच्या नळांशी संसार केला आणि उरल्या वेळात आमच्याशी, असं आई म्हणायची. करड्या प्लास्टिकच्या पाइपावर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढा सख्ख्या भावावरही नव्हता.

घर बांधलं तेव्हा वायरिंगही त्यांनी स्वतःच करायला घेतलं, तेही पाण्याच्याच पाइपातून. ओळखीचा वायरमन कळवळून सांगत होता, "दादा, विजेचा पाइप वेगळा असतो. तुमच्या या काटकोनी एल्बोतून उद्या वायर ओढता यायची नाही. आणि भिंतीत पाण्याचा कुठला, विजेचा कुठला, कुणाला कळणार?"

"मला कळणार. तुला कशाला घोर?"

एकेका तुकड्यात वायर ओवायची, मग सोल्युशन लावून एल्बो चिकटवायचा, असं सुट्टीच्या दिवशी बसून त्यांनी अख्खं घर पुरं केलं. आईनं नकाशा काढायला वही पुढे केली, तर म्हणाले, "मी काय कुठे पळून चाललोय?"

एकोणीस वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. उरले दोनच शब्द, "हो ना". भूक लागली तरी हो ना, पाणी नको असलं तरी हो ना. डोळे मात्र पूर्वीसारखेच हुकूम सोडणारे. मी नोकरीतून रजा काढून माहेरी आले होते, ती राहिलेच.

तीन महिन्यांनी स्वयंपाकघरात ओट्यामागची भिंत ओली व्हायला लागली. प्लंबर आला. त्यानं टाकीचा कॉक बंद केला, मी मेन स्विच पाडला. प्लास्टर फोडल्यावर आत दोन करडे पाइप निघाले, जुळे भाऊ उभे असावेत तसे. दोन्ही ओले. त्यानं ठोकून बघितलं, दोन्ही सारखेच पोकळ वाजले.

"ताई, यातला पाण्याचा कुठला?"

नकाशा तर कधी काढलाच नव्हता. शेवटी मी बाबांची चाकाची खुर्ची ढकलत आत आणली. भिंतीतलं भगदाड दिसताच ते पुढे झुकले आणि डाव्या हातानं डावीकडच्या पाइपावर मारायला लागले.

"हा कापायचा, बाबा?"

"हो ना."

"की हा नाही कापायचा?"

"हो ना! हो ना!"

बोटाचं सालटं निघेपर्यंत ते मारत राहिले. आई खाली बसली, त्यांचा गुडघा धरला. "अहो, असं करा. कापायचा असेल तर डोळे मिटा." त्यांनी डोळे मिटले नाहीत. पण त्यातून पाणी वाहत होतं, आणि त्याचा अर्थ आम्हाला लावता येईना.

"त्यांनी तोच दाखवलाय ना, मग कापा," मीच म्हणाले.

करवत फिरली तसा त्यांच्या घशातून कधी न ऐकलेला आवाज निघाला. त्यांनी माझी ओढणी मुठीत धरून खेचली. मी थांबवेपर्यंत पाइप कापून झाला होता. आतून लाल आणि काळी वायर बाहेर आली, तुटलेली. मागोमाग चूळभर पाणीही सांडलं.

ते सांगत होते, हा विजेचा आहे, हात लावू नका.

प्लंबरनं दुसऱ्या पाइपाची गळती अर्ध्या तासात काढली. वायरिंगसाठी तोच जुना वायरमन बोलावला. आता केस पांढरे झालेले. "मी तेव्हाच म्हटलं होतं," एवढं त्याच्या ओठावर आलं असणार. पण बाबांकडे बघून त्यानं ते गिळलं. "पाइपात पाणी उतरलंय. ही वायर ठेवायची नाही," तो म्हणाला. त्यानं ओढून बघितलं, मी ओढलं, आईनंही हात लावला. एल्बोपाशी वायर अडकली ती जागची हलली नाही. घराच्या त्या बाजूची सगळी लाइन तोडून भिंतीवरून नव्या वायरीसाठी प्लास्टिकच्या पट्ट्या मारायच्या ठरल्या.

तीन दिवस ड्रिल चाललं. बाबा दारात खुर्चीवर बसून असायचे. शेवटच्या दिवशी वायरमन मान राखायचा म्हणून त्यांच्यापुढे वाकला. "दादा, स्विच इथे घेऊ का?"

"हो ना."

त्यानं बोर्ड बसवला. बाबांचा चेहरा बघून मला कळलं, इथे नको होता. मी म्हटलं, "जरा काढता का तो?"

"काढतो की. पण ताई, मग कुठे लावू?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांचा डावा हात वर उचलला गेला, हवेत थोडा वेळ राहिला, मग मांडीवर पडला. वर, खाली, दाराजवळ, काहीही असू शकत होतं.

"राहू द्या," मी म्हणाले. वायरमननं हत्यारं पिशवीत भरली. बाबांनी चाकाला डावा हात लावून खुर्ची वळवायचा प्रयत्न केला. एका हातानं ती जागच्या जागी गोल फिरत राहिली, म्हणून मी उठून त्यांना बाहेरच्या खोलीत नेलं.