आधी विणलेलं अंगडं

लोकरकाकीच्या दुकानात जाऊन पाच मिनिटांत खरेदी करून बाहेर पडलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. "बाळाला स्वेटर दाखवा," म्हटलं की ती जागची हलायचीच नाही. उलट आपल्यालाच विचारायची, "लेकरू निजतंय कुठं? रात्री पंखा लावताय? खोलीत ओल हाय?" उत्तरं ऐकून घ्यायची आणि बऱ्याचदा म्हणायची, "तुमाला लोकर नको ओ. जुन्या लुगड्याचं दुपटं करा, जावा." मुळात गोव्यात लोकर विकायला बसायचं हाच एक शहाणपणा! त्यात दारात आलेलं गिऱ्हाईक परतवून लावायचं. डिचोलीच्या बाजारात असा धंदा करणारी ती एकटीच होती.

ती बेळगावकडची. नवरा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, म्हणून इकडे आली. पुढे खाणी थांबल्या, ट्रक गंजत उभे राहिले, बरोबरची माणसं गावी परतली; ही मात्र लहान मुलांच्या कपड्यांचं एवढंसं दुकान धरून बसली. तिच्या माहेरी मेंढरं होती. त्यामुळे लोकरीची पारख तिला कोणाकडून शिकावी लागली नाही. लोकर हातानं चाचपून बघणाऱ्या बायकांवर ती वैतागायची. "राबलेला हात तो, त्याला काय कळतंय? हितं लावा," म्हणत लोकरीचा गुंडा आपल्या वरच्या ओठावर फिरवून दाखवायची. तिथं टोचलं तर तो माल लेकराच्या अंगाला नाही, हा तिचा कायदा.

माझी तिची खरी ओळख झाली ती माझ्या मुलीमुळे. पोर महिनाभर आधी जन्मली. एवढीशी, मांजराच्या पिल्लासारखी. इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, "ऊब सांभाळा, वजन वाढलं पाहिजे." डिसेंबरचे दिवस, त्यात आमचं घर नार्व्याला नदीच्या अंगाला, पहाटे दारात धुकं यायचं. बघायला येणारा प्रत्येक जण स्वेटर घेऊन आला. पिवळे, गुलाबी, एकाला तर सशाचे कान! आम्ही शहाणे एकावर एक चढवत गेलो. तिसऱ्या दिवशी पोरीच्या पाठीवर लाल पुरळ, अंग घामानं चिंब, आणि दूध ओढेना. डॉक्टरांनी ते सगळं काढायला लावलं. काढलं तर पहाटे पोर गार. मला काही सुचेना. वजनाच्या काट्याकडे बघायचीही भीती वाटायला लागली होती.

शेवटी तिला नवऱ्याच्या मांडीवर ठेवून मी डिचोलीला आले आणि सशाच्या कानांचा तो स्वेटर काकीपुढे टाकला. "भारी लोकर म्हणून दिलाय लोकांनी," मी तणतणले. काकीनं त्यातला एक धागा ओढला, काडी पेटवली आणि धाग्याला लावली. धागा वितळला, त्याची काळी टणक गोळी झाली.

"ही लोकर न्हवं ओ बाई, प्लास्टिक. खरी लोकर जळली की केस जळल्याचा वास येतोय आणि चिमटीत राख होतेय. ह्यात घाम कुठं जाईल? आणि हे कान काढा आधी, लेकरू तोंडात घालतंय."

"मग खऱ्या लोकरीचं दाखवा."

काकी उठली, फळीपर्यंत गेली आणि तशीच परत आली. "तुमच्या घरात हाय की अंगडं. सासूबाईंनी लोकर नेलेली. माझ्याकडची सगळ्यात मऊ." माझा चेहरा बघून तिनं जीभ चावली. पण तोवर बोलून झालं होतं.

आमच्याकडे बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी नवं काही घेत नाहीत, शिवत नाहीत, विणत नाहीत. पहिले कपडे जुनेराचे. हा नेम सगळ्यांत कडक पाळायच्या त्या आमच्या सासूबाईच! घरी येऊन मी त्यांना विचारलं. "माझ्याच हातान झाला गो ह्या," त्या रडायला लागल्या. "माका धीर निघाक नाय. सातव्यातच विणूक बसलंय. म्हणान चेडू आदी इला." सातव्या महिन्यात नेम मोडून विणलं, म्हणूनच पोर आधी आली, असं त्यांनी मनात धरलं होतं. आर्माराच्या, म्हणजे कपाटाच्या, तळाशी, जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी ते अंगडं लपवलं होतं. ते पोरीला घालू देईनात, जाळूही देईनात. इस्पितळात त्या पोरीला हात का लावत नव्हत्या, ते मला तेव्हा कळलं. आणि मी मनातल्या मनात त्यांना नातवंडाची माया नाही म्हणून किती बोल लावले होते! लाज वाटली मला.

माझ्या सांगण्याचा काही उपयोग झाला नाही. "तुमी शिकलेली माणसां," एवढंच म्हणायच्या. म्हणून दुसऱ्या दिवशी मी काकीलाच घरी घेऊन आले. काकीनं चहा घेतला, घराकडे नजर टाकली आणि मग सासूबाईंना म्हणाली, "काय ओ आक्का, लोकर नेणारी तुमी एकटीच काय? निम्मी डिचोली सातव्यात येतेय माझ्याकडं. चोरून नेत्यात, चोरून विणत्यात. समद्यांची लेकरं धडधाकट हायत. मी काय आज दुकान घातलंय?"

"खरां?"

"तर ओ! नावं सांगू काय?"

 सासूबाईंनी उठून आर्मार उघडलं. काकीनं आत पातळ सुती झबलं, वर ते अंगडं, असं पोरीला घातलं आणि सासूबाईंचा हात धरून पोरीच्या मानेमागं ठेवला. "हातपाय गार लागले म्हणून कपडे चढवू नका. मान बघा. कोरडी आणि ऊन हाय न्हवं? मग बास. निजवताना टोपडं काढायचं, तोंडाजवळ पांघरूण न्हाई." सासूबाईंनी पोरीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते त्या दिवशी. पोर दूध प्यायला लागली, वजन धरायला लागली. पुढे ती शाळेत जायला लागली आणि आजीशी भांडायलाही लागली.

गेल्या वर्षी काकीनं दुकान सोडलं. डोळे साथ देईनात, मुलगा न्यायला आला. निरोप घ्यायला मी गेले तेव्हा ती उरलेले गुंडे पोत्यात भरत होती. सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी सहज म्हटलं, "काकी, तुम्ही त्या दिवशी निम्म्या डिचोलीची गोष्ट सांगितली नसती तर सासूबाई त्या दुःखातच गेल्या असत्या."

काकीचे हात थांबले. "निम्मी डिचोली कुठली ओ," ती म्हणाली. "एवढ्या वर्षात लेकरू पोटात असताना लोकर नेणारी तुमची सासू एकटीच. मी न्हाई म्हणायला पायजे होतं. पर त्यांचं तोंड बघून दिली. लेकरू आधी आलं कळलं, तवापासनं माझ्या बी घशाखाली घास उतरत न्हवता."