न लिहिलेलं बारावं पान

ऑफिसात तिला सगळे पायरीबाई म्हणत. सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या सूचना लिहिणं हे तिचं काम, आणि प्रत्येक पायरी स्वतःच्या हातांनी करून पाहिल्याशिवाय ती एक ओळ लिहीत नसे. ताकही फुंकून पिणारी बाई. "घरी चहासुद्धा पहिली पायरी, दुसरी पायरी असाच करता का हो?" असं कोणी विचारलं की म्हणायची, "हो, आणि मध्येच कोणी बोललं की साखर विसरते."

गेल्या वर्षी तिच्याकडे एक नवं साधन आलं. माणसाच्या वतीने मेल वाचणारा, बिलं भरणारा एआय एजंट असतो. त्याच्या हाती पासवर्ड द्यायचा नाही म्हणून हे साधन ब्राउझरची खिडकी उघडून देई. माणसाने तिथे आपल्या हाताने एकदा लॉगिन करायचं, साधन ते जपून ठेवणार, आणि एजंट पुढे त्यावर काम करणार. अकरा पानं झाली. जपलेलं लॉगिन बंद कसं करायचं, ते बारावं राहिलं. "ते कोण वाचतंय? आत कसं शिरायचं ते आधी द्या," साहेब म्हणाले, आणि पानं तशीच गेली.

तिचा संगणक दुरुस्तीला होता, म्हणून ती पानं तिने लेकीच्या घरी, लेकीच्या लॅपटॉपवर लिहिली होती. सरावाचं खातं अडकलं तेव्हा तिने सरळ स्वतःच्या मेलने लॉगिन केलं. एजंट त्या लॅपटॉपवर तसाच राहिला.

मग एका सकाळी लेक फाटलेला ओठ घेऊन दारात उभी राहिली. लॅपटॉप नवऱ्याकडेच राहिला. पायरीबाईने त्याच दिवशी मेलचा पासवर्ड बदलला आणि निर्धास्त झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर लेकीला खोली घेऊन दिली. भाडेकरार पायरीबाईच्या मेलवर आला. मालक सोडला तर पत्ता या दोघींनाच ठाऊक.

सहाव्या रविवारी भर दुपारी दारावर लाथ बसली. लेक इस्त्री करत होती, पायरीबाई घड्या घालत होती. तिसऱ्या लाथेला कडी चौकटीतून उखडली आणि जावई आत आला. हातात लोखंडी गज.

"सासूबाई, तुम्हीही इथेच? बरंच झालं. तुमच्या एजंटला विचारलं, बायको कुठे राहते. मुकाट्याने पत्ता काढून दिला. तुमच्या पोरीपेक्षा गुणी आहे हो!"

गज लेकीच्या डोक्यावर येत होता. लेकीने हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज पायरीबाईला स्पष्ट ऐकू आला. दुसरा घाव खांद्यावर बसला. लेक भिंतीशी घसरत खाली गेली आणि तिच्यामागे भिंतीवर रक्ताचा पट्टा उमटला. तिसऱ्यासाठी गज वर गेला, तेव्हा पायरीबाईच्या हातात इस्त्री होती. कधी उचलली, तिलाही कळलं नाही. ती तिने त्याच्या मानेवर टेकवली आणि दाबून धरली. त्याने कोपराने तिचे दोन दात पाडले. तिने सोडली नाही. तो गुरासारखा ओरडला, गज पडला, खोलीभर कातडीचा करपट वास भरला. तेव्हा कुठे खालचा न्हावी आणि त्याचं गिऱ्हाईक, एका गालाला साबण तसाच, धावत वर आले आणि पोलीस येईपर्यंत जावयाच्या पाठीवर बसून राहिले.

हॉस्पिटलात हाताला प्लास्टर चढल्यावर लेकीने विचारलं, "आई, त्याच्याकडे तुझा एजंट कुठून आला?"

तोंडात कापूस होता. न बोलायला तेवढं निमित्त पुरलं असतं. पायरीबाईने कापूस काढला आणि सगळं सांगितलं. पासवर्ड बदलला, पण जपलेलं लॉगिन त्याने मरत नाही, हेसुद्धा.

"म्हणजे अजून चालू आहे?"

"तो कोठडीत आहे गं."

"लॅपटॉप कोठडीत आहे का? त्याचा भाऊ घरीच असतो."

पायरीबाईने फोनवर स्वतःचीच पानं उघडली. अकरा. तिने ते साधन बनवणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला.

"पायरीबाई, ते पान तुम्हीच लिहिणार होतात ना?"

"नाही लिहिलं. तू बोल, मी करते."

तो सांगत गेला, ती दाबत गेली. शेवटी जपलेल्या लॉगिनची यादी उघडली. एकच ओळ: लेकीचा लॅपटॉप, शेवटचा वापर चार मिनिटांपूर्वी. तिचं बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा ओळ गेली.

"झालं."

"पुन्हा बघ," लेक म्हणाली.

पायरीबाईने पुन्हा बघितलं. यादी रिकामी होती.

लेक छताकडे बघत म्हणाली, "पुढची खोली माझी मी शोधेन. पत्ता तुला सांगणार नाही."

पायरीबाई सुजल्या तोंडाने म्हणाली, "बरं. पण दाराला दोन कड्या असतील अशी बघ."